विहिरीचा व्यास

दुष्काळाच्या वर्षी मी दहावीत होते. परीक्षा संपल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी माझं नाव उन्हाळी विज्ञान शिबिरासाठी परस्पर पाठवून दिलं आणि मग वडिलांच्या कानावर घातलं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. मुलीला खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि तपासनीस यायचे असले की तेवढ्यापुरता टेबलावर ठेवला जायचा. त्यातून आत पाहायला मला तोवर एकदाही मिळालं नव्हतं.

शिबिर नगरमधल्याच एका कॉलेजात होतं, तीन आठवड्यांचं. जिल्ह्यातून चाळीस मुलं निवडलेली, त्यांत आम्ही सहा मुली. शिबिराचे प्रमुख तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की, यंदाची परिस्थिती बघता हे शिबिर विज्ञानाचं आणि सेवेचं मिळून आहे. पहिले दहा दिवस प्रयोगशाळा, पुढचे दहा दिवस दुष्काळी गावांत प्रत्यक्ष काम. मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन मी दोनदा सांगितलं.

प्रयोगशाळेतल्या कपाटांच्या किल्ल्या शिपायाकडे होत्या आणि शिपाई पुतणीच्या लग्नाला गावी गेलेला होता. तो उद्या येणार, असं आम्ही रोज ऐकायचो. तोवर सर फळ्यावर सूक्ष्मदर्शकाची आकृती काढत आणि आम्ही ती वहीत काढून नावं देत असू. मग तराजूची आकृती, मग ब्युरेटची. काचेच्या कपाटात त्या सगळ्या वस्तू आमच्यापासून चार हातांवर दिसत होत्या. दुसरी किल्ली नाही का, असं मी एकदा विचारलं, तर सर म्हणाले, "आधी आकृती तरी नीट काढ. नळी वाकडी आली आहे." शिपाई नवव्या दिवशी उगवला. दहाव्या दिवशी आमची बांधाबांध होती.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी पुणतांब्याची होती, शेतकऱ्याची. उंच, सावळी, कमी बोलणारी. पण बोलली की सरळ मुद्द्यावर यायची. तिच्या गावाला गोदावरी, तरी त्या साली नदीतही डबकीच उरली आहेत, असं ती सांगायची. गावात जाण्याआधी सरांनी विहिरीतलं पाणी शुद्ध कसं करायचं यावर व्याख्यान दिलं. विहिरीचा व्यास मोजायचा, पाण्याची खोली मोजायची, त्यावरून आकारमान काढायचं, त्या हिशेबाने ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून विहिरीत सोडायची आणि अर्धा तास कुणाला पाणी काढू द्यायचं नाही. यासाठी छापील फॉर्म होता. रोज एक भरायचा. सगळं समजलं का, असं सरांनी विचारलं तेव्हा पुणतांब्याच्या मुलीने हात वर केला.

"विहिरीला पाणी नसलं तर?"

सर म्हणाले, "पाणी नसलं तर तिला विहीर कोण म्हणेल?" मुलं हसली. मीही हसले, हे आज सांगायला लाज वाटते.

आम्हा सहा मुलींना कर्जतला नेलं. तिथल्या एका शाळेच्या वर्गात आमची राहायची सोय होती आणि त्याच शाळेतल्या एक बाई आमच्यावर देखरेखीला होत्या. दोघी-दोघींना एक गाव. सकाळी जीप सोडायची, संध्याकाळी न्यायची. मला आणि पुणतांब्याच्या मुलीला मिळालेलं गाव कर्जतपासून दीड-दोन कोसांवर होतं. गावाबाहेर एक मोठी दगडी विहीर. आम्ही दोर लावून तिचा व्यास मोजला, एकदा उभा आणि एकदा आडवा, कारण सरांनी तसं सांगितलं होतं. मग खोली मोजायला दगड बांधून दोर सोडला. तो वर आला तेव्हा दगडाला ओला चिखल लागलेला होता, बाकी काही नाही. फॉर्मवर आम्ही खोली शून्य लिहिली. मग आकारमान शून्य, पावडर शून्य. दहा मिनिटांत आमची सेवा संपली आणि आम्ही लिंबाखाली जाऊन बसलो.

अकराच्या सुमाराला टँकर आला. त्याचा आवाज ऐकून दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया हातातलं टाकून धावत आल्या. ड्रायव्हरने नळी विहिरीत सोडली. पाणी तळाला पोचायच्या आत पंधरा-वीस बादल्या खाली गेल्या होत्या. आम्ही पावडर कालवेपर्यंत विहिरीत पुन्हा चिखल उरला. टँकर आला कधी, गेला कधी आणि पाणी संपलं कधी, काही कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पावडर आधीच कालवून तयार ठेवली आणि नळी आत पडताच बादली ओतली. पहिल्या चार घागरींना असा उग्र वास आला की एकीने तोंडाला पदर लावला. आमच्याजवळ तपासायचं औषध होतं. पाण्यात त्याचे थेंब टाकले की पावडर पुरेशी असेल तर पाणी फिकं पिवळं व्हायचं. पहिल्या घागरीचं पाणी नारिंगी झालं. शेवटच्या घागरीचं जसंच्या तसं राहिलं. म्हणजे चौघींना औषध पाजलं आणि बाकी गावाला गढूळ पाणी.

तिसऱ्या दिवशी मी विहिरीच्या काठावर वाट अडवून उभी राहिले आणि ओरडून सांगितलं की अर्धा तास कुणी बादली सोडायची नाही. पाण्यातून रोगराई पसरते, जंतू असतात, तुमचीच पोरं आजारी पडतील, असं पाठ केलेलं सगळं म्हटलं. बायांनी ऐकून घेतलं आणि मला वळसा घालून बादल्या सोडल्या. मी एकीचा दोर धरला. ती केस पिकलेली, हाताला खडीच्या भेगा पडलेली बाई होती. तिने दोर हिसकला नाही. घागर खाली ठेवली आणि शांतपणे बोलली.

"पोरी, तू अर्धा तास म्हनती. आमी कामावरून सुटून आलोय. मुकादम खाडा मांडतो. आन् तू थांबवलंस तरी खालचा खडक पानी पितोय, ते थांबंल व्हय?"

मी म्हटलं, "मावशी, मग पावडर टाकायची तरी कधी?"

"टाकायचीच हाय तर भरत्यात तिथंच टाका की. टँकरात. हितं येस्तवर तास जातोय रस्त्यानं."

मी दोर सोडून दिला. आकारमानाचं सूत्र घोकून आलेल्या आम्ही दोघी, आणि हे आम्हाला त्या बाईने सांगावं लागलं. सांगून ती घागर डोक्यावर घेऊन गेलीही. मला तिचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

आता राहिला ड्रायव्हर. तो कायम वैतागलेला असायचा, आणि त्या रस्त्यांवरून दिवसाला चार खेपा म्हटल्यावर कोण नसता वैतागला? मला पाणी पोचवायला सांगितलंय, औषध टाकायला नाही, असं म्हणून त्याने विषय संपवला. मी वाद घालायला लागले तेव्हा माझ्या पुणतांब्याच्या मैत्रिणीने मला बाजूला केलं. ती त्याच्या केबिनमधला पाण्याचा डबा घेऊन आली, त्याच्या समोर त्यातलं थोडं पाणी बाटलीत ओतलं आणि थेंब टाकले. पाण्याचा रंग बदलला नाही.

"दादा, तुम्हीपण हेच पिता ना?" एवढंच ती म्हणाली.

त्याने बाटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली. मग किती टाकायची ते विचारलं. त्या संध्याकाळी कर्जतच्या बाईंनी लोणच्याची रिकामी बरणी धुऊन, कोरडी करून दिली. आम्ही टँकरच्या मापाने हिशेब केला, बरणीत पावडर भरली, एक लाकडी चमचा घातला आणि एका खेपेला सपाट तीन चमचे असं त्याला दोनदा समजावून सांगितलं.

पाचव्या दिवशी आम्ही पहिल्या घागरीत थेंब टाकले. फिकं पिवळं. मधल्या घागरीत, फिकं पिवळं. शेवटची घागर एका म्हातारीची होती. तिच्या मागे मागे घरापर्यंत जाऊन तपासलं, तेही पिवळं. मैत्रीण क्वचितच हसायची, ती त्या दिवशी म्हातारीच्या ओट्यावर बसून हसली.

सातव्या दिवशी सर जीपमधून पाहणीला आले. विहिरीपाशी उतरले नाहीत, जीपमध्येच फॉर्म मागून घेतले. व्यास बरोबर होता. पुढे खोली शून्य, आकारमान शून्य आणि पावडरीच्या रकान्यात चार खेपांचे मिळून बारा चमचे. सरांनी चष्मा काढला.

"शून्य पाण्यात बारा चमचे पावडर?"

मी टँकरची सगळी हकीकत सांगितली, थेंबांचा रंग सांगितला, बाटली दाखवली. सरांनी बाटलीकडे पाहिलं नाही. फॉर्ममध्ये टँकरचा रकाना नाही, असं ते म्हणाले. सगळे फॉर्म एकत्र करून वर जाणार आहेत, त्यात एकाच गावाचं वेगळं दिसलं तर कसं चालेल, असंही म्हणाले. मग त्यांनी मला खोलीच्या जागी चार फूट लिहायला सांगितलं. चार फूट ही सरासरी आहे म्हणे. कशाची सरासरी, हे मी विचारलं नाही. मैत्रीण म्हणाली, "सर, शून्य म्हणजे शून्यच." तेव्हा त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि सातही फॉर्मवर, जीपमध्येच मांडीवर ठेवून, आमच्या अक्षरासारखं अक्षर काढत चार-चार लिहिलं. मग त्यावरून आकारमान काढलं. गुणाकार मात्र अचूक होता.

आठव्या दिवशी टँकरवर नवा ड्रायव्हर आला. पहिल्याला दुसऱ्या तालुक्यात पाठवलं होतं. नव्याने बरणी आमच्या हातात परत दिली आणि लेखी ऑर्डर मागितली. त्याच्या जागी तो चूक नव्हता. संध्याकाळी मी सरांना लेखी ऑर्डरसाठी चिठ्ठी पाठवली. उलट निरोप आला की अर्ज योग्य मार्गाने करावा, शिबिर संपल्यावर बघू. उरलेले दोन दिवस आम्ही पुन्हा विहिरीवर बादली घेऊन उभ्या राहिलो. ती पिकल्या केसांची बाई येता-जाता आमच्याकडे बघायची. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

समारोप कॉलेजच्या सभागृहात झाला. आरोग्य खात्यातले एक वयस्क डॉक्टर पाहुणे होते. भिंतीवर आमच्या कामाचे तक्ते लावले होते. त्यांत एक गोल विहीर, काठोकाठ निळं पाणी आणि बाजूला सूत्र. तो तक्ता समजावून सांगायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण माझे उच्चार स्पष्ट होते. मी छडी हातात घेऊन व्यास सांगितला, सूत्र सांगितलं. डॉक्टर नीट ऐकत होते. त्यांनी सहज विचारलं की तुझ्या गावच्या विहिरीत पाणी किती होतं?

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडेच बघत होते. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, रात्री वहीत वाक्यं लिहून ठेवत होते, आणि आता कुणी विचारत होतं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मागच्या रांगेतून पुणतांब्याची मुलगी उभी राहिली.

"नव्हतंच, साहेब," ती म्हणाली. "पावडर टँकरमध्ये टाकली तेव्हा पाणी शुद्ध झालं. मग ड्रायव्हर बदलला. नव्याला लेखी ऑर्डर पाहिजे होती, ती मिळाली नाही."

डॉक्टरांनी सरांकडे वळून हे खरं का, असं विचारलं. सर उठले आणि अगदी सहजपणे म्हणाले की होय, तो प्रयोग आम्ही त्या एका गावात मुद्दाम करून पाहिला होता आणि निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. डॉक्टर खूश झाले. टिपण पाठवा, म्हणाले. सरांनी ते पाठवलंही, मन लावून, कारण पंधरा दिवसांत कर्जतच्या बाईंचं कार्ड आलं. तालुक्यातल्या सगळ्या टँकरवाल्यांना लेखी हुकूम गेला होता आणि प्रत्येकाला पावडर मिळाली होती. पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो, अशी गावातल्या बायांची तक्रार होती आणि त्यांना चमचाभर कमी करून हवं होतं. हुकमाच्या कागदावर सरांच्या टिपणाचा उल्लेख होता. आमचा नव्हता, आणि त्या पिकल्या केसांच्या बाईचा तर नव्हताच.

मी कार्ड वडिलांना दाखवलं आणि सरांबद्दल मनात होतं नव्हतं ते सगळं बोलून टाकलं. वडील वह्या तपासत होते. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं.

"काम झालं ना? तुला नक्की काय हवं होतं, गावाला चांगलं पाणी की कागदावर नाव?"

"दोन्ही," मी म्हटलं.

वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण ते रागावले नाहीत. हेच मैत्रिणीला कळवायला मी त्या रात्री बसले आणि पाठपोट चार पानं लिहिली. तिचं उत्तर आठवड्याने आलं, तीन ओळींचं. तिने लिहिलं होतं की, तू त्या दिवशी स्टेजवर गप्प का राहिलीस ते आधी सांग, सरांचं नंतर बघू.