मंगळवार दुपारचा फोटो

"हात मागं."

संगणकाच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मामा हेच सांगायचे. मग स्वतःचेही दोन्ही हात पाठीमागे बांधून पडद्यासमोर दोन मिनिटं गप्प उभे राहायचे. तुम्ही म्हणाल, संगणक सांभाळणाऱ्या माणसाचे हात मागे कसे? पण त्यांची रीत तीच होती. कशालाही बोट लावण्याआधी आहे ते आहे तसं बघून घ्यायचं. पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी फोटो काढू. मग काय मोडायचं ते मोडा की."

कोल्हापूरजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत मला नोकरी लागली होती. काम सभासदांचे जुने अर्ज स्कॅन करण्याचं. मी जयसिंगपुराहून रोज एसटीने यायची. मामा मूळचे आजऱ्याचे, गिरणीत आधी मिस्त्री. संगणक आले तेव्हा 'ह्याला तारा कळतात' म्हणून त्यांना इकडे पाठवलं होतं. गिरणीत सगळे त्यांना मामाच म्हणत.

काचेच्या कपाटात एक जाड लोखंडी डबा होता. त्यात बारा डिस्का. त्यांची जागा कापून प्रत्येक खात्याला एकेक आभासी डिस्क दिलेली. सूत मोजणाऱ्यांची वेगळी, सभासद विभागाची वेगळी. मामा रोज दुपारी त्या डिस्कांचा स्नॅपशॉट घ्यायचे. तोच त्यांचा फोटो.

"म्हणजे सगळी नक्कल होते?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"न्हाय. नक्कल कशाला? तू वहीत नवं लिवायला लागलीस की यंत्र आधी खालचं जुनं पान बाजूला ठेवतंय. तेवढंच. पण बाजूची जागा मोजकी हाय. ती भरली की सगळ्यात जुना फोटो आपोआप जातोय. कुणाला इचारत न्हाय."

प्रत्येक फोटोला ते नाव द्यायचे. तारीख यंत्र आपसूक लावायचं, पण मामांना त्यावर भागत नसे. रोमन अक्षरांत एकेका बोटाने टाइप करायचे, सोमवार दुपार, मंगळवार दुपार. "नावाबिगर ठेवलेलं सापडत न्हाय," म्हणायचे.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून वस्तीत सभा झाली की पत्रक निघायचं. मी अक्षरं गिरवली तीही त्यांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे मामांची ही सावध माणसाची चाल मला भित्रेपणाची वाटायची. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंही होतं. ते हसले फक्त.

गिरणीची निवडणूक आली. कच्ची मतदारयादी लागली तो बुधवार होता. स्कॅनरवर वडिलांचा जुना अर्ज आला म्हणून मी सहज यादीत त्यांचं नाव शोधलं. सापडलं नाही. नोंद उघडली तर शेरा होता, 'मयत'. शेजारच्या काकांची उघडली. मयत. आमच्या वस्तीतले त्रेसष्ट सभासद होते, त्रेसष्टही मयत. सकाळी मी वडिलांच्या हातात चहाचा कप देऊन निघाले होते.

माझं डोकं फिरलं. पुरावा हवा म्हणून मी त्रेसष्ट जणांचे अर्ज, त्यांना जोडलेले सगळे कागद, ठळकात ठळक प्रतीत स्कॅन करून डिस्कवर चढवायला लागले. शिवाय एकेक नाव पुन्हा भरायला घेतलं. दोन तास मान वर केली नाही.

"हात मागं." मामा दारात होते. या वेळी आवाज चढलेला होता. "काय करालीस?"

मी सांगितलं. त्यांनी पडद्यावरचा बाजूच्या जागेचा आकडा दाखवला. सकाळी अठ्ठ्याहत्तर टक्के होता. आता एक्याण्णव.

"काल दुपारचा फोटो हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "त्यात तुझा बा जिता हाय. सोमवारचा कवाच गेला, आता त्योच सगळ्यात जुना. आनि तू नवं लिवून लिवून त्यालाच ढकलालीस."

माझे हात खरोखरच मागे गेले.

"मग आत्ता उघडा तो फोटो. सीडी काढून द्या. मी रातोरात पत्रक काढते."

"सीडी घरात बसून कुणालाबी बनवता येती. हितं, ह्या यंत्रात, यंत्राच्या तारखेसकट निवडणुकीच्या अधिकाऱ्यानं डोळ्यानं बघाय पायजे. परवा अकराला सुनावणी हाय न्हवं? बाच्या सहीनं हरकत घाल. मंगळवारची यादी यंत्रात हाय ती बघावी, एवढंच लिव. त्यावर शिक्का बसला की फोटो पुसणाऱ्याला जाब द्यावा लागतोय. पत्रकावर कुणाचा शिक्का, सांग?"

"आणि तोवर मी गप्प बसू?"

"व्हय."

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी सही केली, पेन मिटलं आणि म्हणाले, "मेलोय तर मग मघाशी बाजारला कशाला धाडलंस?" आई हसली नाही. मी पत्रक लिहून तयार ठेवलं होतं, ते पिशवीत तसंच राहिलं. खरं सांगते, त्या दिवशी मला मामांचा संशय आला होता. आपल्याला गप्प बसवून हा माणूस शुक्रवारपर्यंत जागा भरू देईल, असं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी हरकतीवर शिक्का बसला. दुपारी गिरणीचे सेक्रेटरी आले. तोवर मामांनी नोंदवहीत लिहून दाराला कागदही लावला होता : बाजूची जागा त्र्याण्णव टक्के भरली आहे, शुक्रवार दुपारपर्यंत कोणीही नवीन काही लिहू नये. खाली पूर्ण सही.

"कुणाच्या हुकमानं गिरणी थांबवलीस, मिस्त्री?"

"गिरणी चालू हाय, सायेब. लिवणं थांबलंय. माझ्या सहीनं."

"जुने फोटो पुस, जागा होईल."

"पुसतो की. तसं लिवून द्या."

मामांनी नोंदवही पुढे सरकवली, वर पेन ठेवलं. सेक्रेटरींनी पेनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हिच्या नादानं नोकरी घालवशील," म्हणाले आणि गेले. पेन तसंच होतं. मामांचे मागे बांधलेले हात मला दिसत होते.

सूतखात्याच्या आकड्यांची आवक अजून बाकी होती. दर पाळीला ते लिहिले जायचे. मामा स्वतः खात्यात गेले. तिथला जॉबर, म्हणजे पाळीचा मुकादम, म्हणाला, "कागदावर लिवतो की. ह्यो डबा यायच्या आधी काय भिताडावर लिवत हुतो व्हय?"

तरी आकडा सरकत राहिला. यंत्र स्वतःचं काहीबाही लिहीतच असतं. शुक्रवारी सकाळी शहाण्णव. अकरा वाजले, अधिकारी आले नाहीत. साडेअकराला सेक्रेटरींचा कारकून वार्षिक सभेच्या चित्रीकरणाच्या सहा सीडी घेऊन आला. "सायबांनी सांगितलंय, आत्ताच सभासदांच्या डिस्कवर चढवा."

मी उठलेच होते. मामांनी नुसतं पाहिलं, मी बसले. त्यांनी सीडी घेतल्या, नोंदवहीत लिहिल्या, वहीखाली ठेवल्या.

"नंबर लागला तुमचा."

"कवा व्हणार?"

"नंबर आला की. बसा पावणं, च्या घ्या."

तो चार वर्षं याच गिरणीत होता, तरी मामांनी त्याला पाव्हणा केलं. तो चहा न घेता गेला. साडेबाराला सत्त्याण्णव. एकला अठ्ठ्याण्णव. वडील आणि वस्तीतले पाचसहा जण बाहेर व्हरांड्यात बसले होते. मामा पडद्यासमोर उभे, मी त्यांच्या शेजारी. आम्ही काहीच करत नव्हतो. काही न करण्याला एवढी ताकद लागते, हे मला कुठल्या पत्रकाने सांगितलं नव्हतं.

सव्वाला जीप आली. अधिकारी आत आले, मागून सेक्रेटरी.

"हात मागं," मामा म्हणाले. अधिकाऱ्यांनी खरोखर हात मागे घेतले. सेक्रेटरींनी घेतले नाहीत.

मामांनी मंगळवार दुपार उघडली. यादी हळूहळू खाली सरकत गेली. वडिलांचं नाव आलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता. अधिकाऱ्यांनी दारातून बाहेर पाहत नाव पुकारलं. वडील उभे राहिले आणि म्हणाले, "हाय की, सायेब."

त्रेसष्ट नावं पुकारली गेली. हजर होते ते उभे राहिले. छपाई मामांच्या टेबलावरच्या जुन्या करकर करणाऱ्या प्रिंटरवर झाली. अधिकाऱ्यांनी पानापानावर सही केली. नावं यादीत परत आली.

ते गेल्यावर मामांनी वहीखालच्या सहा सीडी काढल्या. "नंबर आला," म्हणाले आणि पहिली सीडी यंत्रात घातली. तिसऱ्या सीडीला मंगळवारचा फोटो यादीतून नाहीसा झाला. मामांनी त्या मोकळ्या ओळीकडे पाहिलं. "गेला बिचारा," म्हणाले. "काम करून गेला."

निवडणूक झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांची बदली गिरणीच्या फाटकाजवळच्या कापसाच्या गोदामात झाली. मी भांडायला निघाले. त्यांनी अडवलं. मग मी पत्रक काढलं, त्रेसष्ट नावांसह. त्यात मामांबद्दल एक शब्दही नव्हता, कारण त्यांनी तशी अट घातली होती. "मला अजून तीन वर्सं नोकरी हाय, पोरी." ती तीन वर्षं त्यांनी गोदामातच काढली. मग ते आजऱ्याला गावी गेले, आणि गेल्या पावसाळ्यात तिकडेच वारले. अट आता संपली, म्हणून हे लिहिते आहे.

गोदामात त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा कापसाचा ट्रक भरायचा होता. हमाल लोखंडी आकडे घेऊन तयार, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मामा गासड्यांच्या थप्पीसमोर उभे होते, हात मागे. वरपासून खालपर्यंत त्यांनी थप्पी एकदा बघून घेतली. तिथे यंत्र नव्हतं, नाव टाइप करायची जागा नव्हती. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मामांचं बघून झालं नव्हतं. हमाल थांबले होते, आणि त्यातल्या एकानेही हात पुढे केला नव्हता.