विहिरीवरचं दुसरं इंजिन

अकोल्याहून अमरावतीकडे जाताना लागणाऱ्या एका गावी, नदीकाठच्या विहिरीवर दोन डिझेल इंजिनं होती. एक पाणी ओढायचं, दुसरं तयार उभं असायचं. पहिलं बंद पडलं की दुसऱ्यानं काम उचलायचं, म्हणजे गावातले नळ चालू राहत. दोन्ही सांभाळायला माणूस मात्र एकच, हुसेन.

उभ्या इंजिनालाही तो दर शुक्रवारी फिरवून घ्यायचा.

"काहून डिझेल जाळून राहिला, हुसेनभाई?" चौकीदार जानराव विचारायचा.

"नुसतं उभं राहूनच मरते ते."

जोडीला माणूस द्या, म्हणून त्यानं नगरपालिकेत कितीदा तरी सांगून पाहिलं. पुढच्या वर्षी पाहू, असं उत्तर यायचं. धाकट्या बहिणीचा, रजियाचा, निकाह धामणगावला झाला, तेव्हाही बायको हाजराबी एकटीच गेली. हुसेन विहिरीवरच राहिला. पुढे पुढे त्यानं रजा मागणंही सोडलं. अंग मोडून यायचं, पण सांगणार कोणाला?

एकसष्टच्या वैशाखात तो तापानं फणफणला. हाजराबीनं त्याची बाज इंजिनघरातच टाकली, कारण घरी थांबायला तो तयार नव्हता. दुपारी चालत्या इंजिनाचा आवाज घोगरा झाला, काळा धूर आला आणि ते थांबलं. हुसेन उठायला गेला, पण बाजेची कड धरून परत बसला.

"गावातली पान्याची टाकी तळाले गेली असन," तो म्हणाला. "जानराव, दुसऱ्याचं हँडल तू मार. हाजरा, तो वरचा खटका दाबून धर, म्हंजे चाक हलकं फिरन. मी म्हनलं का सोड."

"मले नाही जमनार जी!" हाजराबी म्हणाली.

"जमते. धर."

जानरावनं जीव खाऊन हँडल फिरवलं. हाजराबीनं घाबरून खटका आधीच सोडला, चाक अडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग हुसेन डोळे मिटून नुसता आवाज ऐकत बसला आणि ओरडला, "सोड!" इंजिन धडधडलं. थोड्या वेळानं गावाकडे जाणाऱ्या मोठ्या नळातून पाणी गेल्याचा खळखळाट आला. हाजराबी तिथंच भिंतीला टेकून रडली.

गावात कोणाला काही कळलं नाही. हाजराबी मात्र दुसऱ्या दिवशी बुरखा सावरत नगरपालिकेत गेली. "मशीनले जोडी देता, मानसाले काहून नाही?" तिनं साहेबांना विचारलं.

मोतीराम नावाचा माणूस आला, पण त्यालाही दिवाळी उजाडली. त्याला सगळं शिकवून हुसेन धामणगावला रजियाकडे गेला. तिनं त्याच्यासाठी मटण शिजवलं होतं. तो ओसरीवर जरा टेकला आणि झोपला. दिवस कलला, मटण गार झालं, तरी रजियानं त्याला उठवलं नाही.