डोक्यावरचं काजळ

माझे केस सर्वांत दाट होते ते एका फोटोत. मॅट्रिकच्या वर्षी काढलेला फोटो, कपाळावर ऐटदार कोंबडा. आईने तो मला न विचारता नागपूरच्या एका स्थळाकडे पाठवून दिला. तोवर मला झाशी स्टेशनावर तिकीट कलेक्टर होऊन आठ वर्षं झाली होती, आणि कोंबड्याच्या जागी पाट मांडून चार माणसं जेवायला बसली असती!

तेव्हा कोळशाची इंजिनं होती. झाशीला इंजिन बदलायचं आणि गाडी वीस मिनिटं हमखास थांबायची. इथे आमची मराठी घरं मोजकी, सोयरिकी सगळ्या नागपूर-इंदूर-ग्वाल्हेरकडच्या. त्यामुळे जाता-येता प्लॅटफॉर्मवरच मुलगा दाखवायची आमच्यात पद्धत पडली होती. डब्यासमोर उभं राहायचं, वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा, पेढ्यांचा पुडा द्यायचा. शिट्टी झाली की कार्यक्रम संपला, निकाल पोस्टाने.

नागपूरहून पत्र आलं. वैशाखात ग्वाल्हेरला लग्नाला जाताना मुलगा बघू, असं लिहिलं होतं. सोबत मुलीचा फोटो. मालती नाव. तो फोटो पाहिला आणि मी कामातून गेलो. करीन तर हिच्याशीच, असं मी आईला सांगून टाकलं. (याआधी मी आईला एवढं ठणकावून फक्त भाजीत मीठ कमी आहे हे सांगितलं होतं.)

"मग केस उगव," आई म्हणाली. जणू मीच आळसाने उगवत नव्हतो.

हातात दीड महिना होता. आईने माका, जास्वंद, मेथी, आवळा जे मिळेल ते तिळाच्या तेलात घालून लोखंडी कढईत उकळलं. रोज सकाळ-संध्याकाळ ते माझ्या डोक्यावर थापलं जाऊ लागलं. आठवड्याभरात उशी काळी झाली, मग गादी, मग मी टेकायचो ती भिंत. केस सोडून सगळं काळंभोर! गेटवर मी उभा असलो की प्रवासी लांबूनच हात ताणून तिकीट दाखवायचे आणि नाक दाबून पळायचे. शेवटी दतिया गेटच्या न्हाव्याकडे जाऊन मी काही इलाज विचारला. त्याने माझं डोकं उजेडाकडे वळवून दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं.

"भैयाजी, हम तो काटत हैं, उगाउत नइयां," तो म्हणाला. वर पैसेही घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

गाडी यायच्या दिवशी सकाळी मला अक्कल सुचली. (ती माझीच होती, आईला दोष देत नाही.) ताईच्या तान्ह्या बाळासाठी घरी काजळ धरलं होतं. ती अख्खी डबी मी एरंडेलात कालवली आणि उरल्यासुरल्या केसांच्या मधल्या मोकळ्या मैदानावर नीट सारवली. आरशात लांबून पाहिलं तर खरंच दाट वाटत होतं. वरून गणवेशाची टोपी घातली. कडेने थोडं काळं दिसलं की झालं, असा हिशेब.

हिशेबात फक्त झाशीचा वैशाख धरायचा राहिला होता.

गाडी भर दुपारी दोनला आली. मालतीचे वडील आणि आत्या खाली उतरले, ती खिडकीशी बसून राहिली. पहिली पाच मिनिटं झकास गेली. पगार विचारला, क्वार्टर विचारलं, आमच्या नगरा वस्तीत विहिरीचं पाणी गोड आहे का तेही विचारलं. मग शेजारी उभ्या असलेल्या आईने डोळ्यांनी खुणावलं आणि मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकलो.

आधी टोपी पडली. मग आत्याबाईंच्या उजव्या पावलावर एक काळा थेंब पडला. मग डाव्या पावलावर दोन. त्यांनी पाय मागे घेतले. मी घाबरून ताठ उभा राहिलो, तर सगळा ऐवज कपाळावरून नाकावर आणि तिथून पांढऱ्याशुभ्र कोटावर उतरला. मी हाताने पुसला. म्हणजे पसरवला. मालतीचे वडील उगीचच इंजिनाकडे बघू लागले. आईने पेढ्यांचा पुडा छातीशी घट्ट धरला, बहुधा वाचलेले पेढे तरी घरी न्यावेत म्हणून. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून सुरईच्या पाण्यात भिजवलेला पंचा बाहेर आला. मी तोंड पुसलं, डोकं पुसलं. जे काय होतं ते, म्हणजे नव्हतं ते, उन्हात लख्ख उघडं पडलं.

"डाव्या कानामागे राहिलंय," मालती म्हणाली. ना हसली, ना काही.

मी कानामागे पुसलं. शिट्टी झाली. गाडी गेली आणि पंचा माझ्याच हातात राहिला.

दहा दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. (आई म्हणते दोन वेळा जेवत होता, पण गप्प राहून.) मग पत्र आलं. मुलगा पसंत! वडिलांनी लिहिलं होतं: "टक्कल आम्हा सर्वांना दिसले. परंतु मुलीचे म्हणणे असे की, ज्या माणसाला साधी लबाडी वीस मिनिटे निभावता येत नाही, तो नवरा म्हणून सोयीचा."

आज आमच्या संसाराला एकेचाळीस वर्षं झाली. एवढ्या सरावानंतर माझी मजल आता पंचवीस मिनिटांपर्यंत गेली आहे.