बारा घरांचं पाकीट

बीआट्रिस तुस्कानोने एकवीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांचे फॉर्म परत केले. सही नाही, तारीख नाही, पत्ता अर्धवट. "पुन्हा भरा हं," असं ती इतक्या गोड आवाजात सांगे, की चिडायला आलेला माणूस आभार मानून जाई. अशा बाईने आयुष्यात एकाच फॉर्मवर न वाचता सही केली आणि नेमका तोच तिच्या मानगुटीवर बसला.

ती मूळची वसईकडची. नवरा रुडॉल्फबरोबर सत्तावीस वर्षांपूर्वी कॅनडात आली. आधी तिथल्याच केंब्रिज गावातल्या एका कारखान्यात मोटारींच्या दारांना रबर लावलं, मग परीक्षा देऊन प्रांताच्या सरकारी नोकरीत चिकटली आणि हॅमिल्टनजवळच्या एका छोट्या शहरात घर केलं. पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं. बाई नाकासमोर चालणारी, पण नाकही तिचं स्वतःचं होतं.

यंदा नगरपालिकेच्या निवडणुकीला त्यांच्याच चर्चमधली ट्रेसी लोपीस उभी राहिली. वय एकतीस, पेशाने नर्स. सरकारने आपल्या सगळ्या नोकरांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावलं होतं आणि या भागातून पहाटे बस नव्हती. ती बस आणणार, एवढंच ट्रेसीचं म्हणणं. बीआट्रिस रोज साडेपाचला थंडीत अर्धा तास चालायची, तेव्हा तिला याहून जास्त भाषण नकोच होतं.

तिने गावाकडची रीत काढली. तिच्या लहानपणी कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या घरी मयत झाली, की एका घरात पाकीट ठेवत. ज्याला जमेल त्याने त्यात घालायचं, नाव सांगायचं नाही. त्या घरातली मोठी बाई ते आपल्या हाताने नेऊन देई. म्हणजे देणाऱ्याला मिरवता येत नाही आणि घेणाऱ्याला कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही. किती शहाणपणाची रीत! बीआट्रिसने बारा घरांचं पाकीट जमवलं, पैसे आपल्या खात्यात भरले आणि अकराशे डॉलरचा एकच चेक आपल्या नावाने ट्रेसीला दिला. सोबतच्या फॉर्मवर झोकात सही ठोकली. वर चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'बारा घरांचे आभार, आपलं पाकीट पोचलं.'

चौथ्या दिवशी ट्रेसीचा फोन आला. आवाज रडवेला.

"आंटी, ते मनी तुमचं नव्हतं? फॉर्मवर यू साइन्ड की इट्स युवर ओन! समवनने तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून कंप्लेंट केलीये. तुमच्या ऑफिसलासुद्धा!"

कायदा असा, की देणगी ज्याची त्याने स्वतःच्या पैशातून आणि स्वतःच्या नावाने द्यायची. पंचवीस डॉलरच्या वर रोख घ्यायची नाही. कंपन्यांच्या आणि युनियनच्या देणग्या बंद झाल्या, त्यामागेही हेतू हाच, की दुसऱ्याच्या नावाआडून कुणी नगरसेवक विकत घेऊ नये. हेतू चांगलाच. फक्त बड्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात पहिली सापडली ती वसईची बाई. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"मी जाऊन सांगते, चूक माझी," बीआट्रिस म्हणाली.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" रुडॉल्फ ओरडला. "सगळे पैसे आपलेच होते म्हण. कोण विचारायला येतंय?"

"मी विचारते ना मला! एकवीस वर्षं लोकांना खरं भरा सांगितलं, आणि आता मी खोटं भरू?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती नगरपालिकेच्या निवडणूक खिडकीवर गेली आणि सगळं लिहून देऊन आली. ट्रेसीने पैसे परत केले, बीआट्रिसने ज्याने जेवढे सांगितले तेवढे त्याला पोचवले. तिथे हे मिटायला हवं होतं.

पण कचेरीत नंदनने बोलावलं. नंदन तिचा मॅनेजर, पुण्याचा, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, मराठी लोण्यासारखं बोलणारा.

"बसा मॅडम. आपला माणूस म्हणून सांगतो, हे थोडक्यात मिटेल. ती बारा घरं कोणाची, तेवढं लिहून द्या. त्यांतले काही आपल्याच खात्यात आहेत असं ऐकतो."

"निवडणूकवाल्यांना जे द्यायचं ते मी दिलंय. त्यांनी आणखी विचारलं तर त्यांना सांगेन. तुम्हाला ती नावं कशाला?"

"चौकशीत सहकार्य नाही केलं असा शेरा पडेल. दीड वर्ष राहिलंय तुमचं. जरा विचार करा."

बीआट्रिसला भीती वाटली. त्या बारांत सहाच महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी होती, नुकता कायम झालेला विश्वनाथ होता. एका ओळीवर त्यांचं पोट अवलंबून होतं. भीती तशीच ठेवून ती उभी राहिली.

"पाकीट माझ्या घरात होतं, सही माझी होती. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. आणि नंदन, आपला माणूस आपल्या माणसांची नावं मागत नाही."

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर तिने चर्चच्या हॉलमध्ये बारा घरांना गाठलं. "पाकिटाची रीत इथे चालत नाही. ज्याला द्यायचंय त्याने आपल्या नावाने चेक द्यावा. शंभर डॉलरच्या वर दिलंत तर नाव जाहीर यादीत सगळ्यांना दिसेल. ज्याला भीती वाटते त्याने देऊ नये, आणि त्याला कुणी बोलायचं नाही. बोललात तर गाठ माझ्याशी आहे."

सात घरांनी चेक दिले. पाच घरांनी मान खाली घातली, त्यांना तिने आपल्या हाताने चहा दिला. आठवा चेक रुडॉल्फने फाडून दिला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. हा माणूस जन्मात कुठल्या पक्षाला कवडी न देणारा!

बुधवारी पत्र आलं. चौकशीत असहकार, तीन दिवस बिनपगारी घरी. युनियनवाल्याने या शिक्षेविरुद्ध तक्रार लगेच दाखल केली. म्हणाला, निकालाला वर्ष लागेल.

"वर्षाचं वर्षाला बघू," बीआट्रिस म्हणाली. तिने पत्र पुन्हा नीट वाचलं. पुढचे तीन दिवस ती कामावर नसणार होती. सरकारी नोकराला कामावर असताना प्रचार करायची बंदी होती, कामावर नसताना नव्हती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता, जाड बूट घालून आणि ट्रेसीची पत्रकं बगलेत मारून तिने पहिलं दार वाजवलं. एका म्हाताऱ्या इटालियन बाईने ते उघडलं. बीआट्रिसने पहाटेच्या बसचं सगळं सांगितलं. म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं.

"आठवड्याच्या मधल्या दिवशी तू मोकळी कशी? कुठे काम करतेस?"

प्रचार करताना नोकरीची खुर्ची पुढे करायची नाही, हा नियम बीआट्रिसला पाठ होता आणि पटतही होता.

"ते मी सांगायचं नसतं," ती म्हणाली. "नाव मात्र सांगते. बीआट्रिस तुस्कानो. पेन आणा, स्पेलिंग सांगते."