निळ्या मैदानावरचा कापूर

श्यामसुंदरचा राग यायला अंबादासला कारण लागत नसे. श्यामसुंदर नुसता दिसला तरी पुरे होई.

विक्रोळीतल्या एका जुन्या कंपनीच्या मैदानावर दर शनिवारी सकाळी हॉकी खेळायला जमणारी ही मंडळी. बहुतेक पन्नाशीला टेकलेली, पोटं सुटलेली, आणि तरीही घरून निघताना बायकोला ‘प्रॅक्टिसला चाललोय’ असं ऐटीत सांगणारी. श्यामसुंदर त्यांचा कप्तान, सेक्रेटरी आणि स्वतःच्याच मताने सेंटर फॉरवर्ड. धंदा विम्याचा. मैदानावर तो धावायचा ते लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची विचारपूस करत हिंडणाऱ्या यजमानासारखा. सगळ्यांजवळ जायचा, चेंडूजवळ सोडून. गोल झाला की मात्र मिठी मारायला सगळ्यांत आधी हजर.

अंबादास गोलकीपर. त्याचे वडील जालन्याकडून येऊन विक्रोळीच्या कारखान्यात लागले, आणि कामगारांची टीम खेळायची ते बघत बघत हा पोरगा गोलमध्ये उभा राहिला. दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं एवढंच. पुढे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले. गोल काही सुटला नाही. त्या मैदानाची लाल माती म्हणजे वैरीण. चेंडू सरळ येतोय म्हणून पाय लावावा तर खड्ड्यावर उडून थेट हनुवटीवर. आडवं पडून घसरावं तर कोपराची सालं मातीत राहायची. टीव्हीवर तो मोठ्या मॅचेस बघायचा तेव्हा त्याचं लक्ष गोलांकडे नसे. त्या निळ्या टर्फवर आधी पाणी मारतात, मग चेंडू सुरीसारखा सरळ येतो आणि गोलकीपर पाण्यावरून अलगद घसरत जातो, तेवढंच तो बघायचा. आयुष्यात एकदा आपण तसं घसरावं, यापलीकडे त्याला हॉकीकडून काही नको होतं. आणि आता वेळही उरला नव्हता. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर हॉकी बंद, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून तर क्वालालंपूरच्या स्पर्धेचं निघालं तेव्हा तो श्यामसुंदरबरोबरसुद्धा जायला तयार झाला. हौशी म्हाताऱ्यांची शनिवार-रविवारची स्पर्धा, पण निळ्या टर्फवर. फॉर्म भरेल त्याला प्रवेश. पण श्यामसुंदरने स्टेशन रोडला बॅनर लावला: ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्यात मधोमध स्वतःचा गॉगल लावलेला फोटो, आणि बाकीचे खाली, तिकिटाएवढे.

“निवड कुणी केली रे?” अंबादासने विचारलं. “फॉर्म तर तूच भरलास.”

“तुला ना, कशाचं कौतुकच नाही,” श्यामसुंदर म्हणाला.

मग जॅकेटं आली. पाठीवर ‘इंडिया’, तेही एवढ्या मोठ्या अक्षरांत की देशाकडून खरोखर खेळलेल्या माणसालाही लाज वाटावी. विमानतळावर हार झाले, पेढे झाले. अंबादासने आपलं जॅकेट उलटं करून घातलं. त्याची बायको दर्शना सोडायला आली होती, ती हसून म्हणाली, “अहो, रागवायला नका जाऊ तिकडे. एकदाचं काय ते घसरून या. लग्न झाल्यापासून ऐकतेय.”

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी. मोसमाची पहिली मॅच असली की गोलपोस्टामागच्या दगडावर नारळ फोडायचा, कापूर लावायचा आणि मग खेळायचं. हा मान अर्थातच श्यामसुंदरचा. अंबादास बौद्ध. तो हात जोडत नसे, कापराला हात लावत नसे. पण कुणाला वाईट वाटू नये म्हणून हेल्मेट काखेत घेऊन बाजूला उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्याने कधी चेष्टेचा शब्द काढला नाही.

क्वालालंपूरला शनिवारी सकाळी सगळे पाय मोकळे करत होते तेव्हा श्यामसुंदर नारळ शोधायला गेला होता. कुठल्यातरी तमिळ दुकानातून नारळ आणि कापूर घेऊन घामाघूम होऊन परत आला. मैदान अजून कोरडं होतं, आसपास कुणी नव्हतं. तिथे दगड कुठला असणार? त्याने गोलच्या लोखंडी खांबावर नारळ आपटला. आणि कापूर? तो टर्फवरच ठेवून पेटवला, अगदी गोलरेषेवर. प्लास्टिकचं गवत ते. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणेपर्यंत वितळून बशीएवढं काळं भोक पडलं.

“वाट लागली,” सुबोध म्हणाला. सुबोध फुलबॅक, अंबादासच्या पुढ्यात वर्षानुवर्षं खेळलेला, त्याच्या डब्यातलं खाऊन वाढलेला मित्र.

थोड्या वेळाने स्पर्धेच्या प्रमुख आल्या. लिमबाई. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज मुळीच न चढवणाऱ्या. त्यांनी भोक पाहिलं, करवंट्या पाहिल्या, आणि एवढंच सांगितलं की ज्याने हे केलं तो या स्पर्धेत मैदानावर पाय ठेवणार नाही. कुणीच कबूल झालं नाही तर सगळी टीम घरी.

श्यामसुंदरने क्षणभरही न थांबता अंबादासकडे बोट केलं. “गोलकीपर,” तो इंग्रजीत म्हणाला. “गोल त्याचा.”

अंबादासला आधी वाटलं, हा विनोद करतोय. मग श्यामसुंदर त्याला खांद्याला धरून बाजूला घेऊन गेला आणि कुजबुजला, “समजून घे ना यार. जावई फोनवर लाइव्ह बघणारे. कप्तान बाहेर बसला तर तिकडे काय तोंड दाखवू? गोलमध्ये सुबोध उभा राहील. तुझा तसाही गुडघा गेलाय.”

अंबादासच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या नारळाला जन्मात कधी हात लावला नाही, त्याचं पाप आपल्या माथी! आणि तेसुद्धा कशासाठी, तर जावयाला सासऱ्याचं पळणं दिसावं म्हणून. तो तडक लिमबाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, मी बौद्ध आहे. आम्ही असलं काही जाळत नाही.”

लिमबाईंच्या कपाळाला आठी पडली. “माझी आजीही बौद्ध होती,” त्या म्हणाल्या. “दिवसभर काहीतरी जाळत असायची.”

झालं! आता या बाईला विक्रोळीतलं बौद्ध असणं काय असतं ते कसं समजावायचं? अंबादास मागे वळला. “सुबोध, तू सांग. तू बघितलंस ना?”

सुबोध खाली वाकला आणि बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधू लागला. बाकीच्यांपैकी कुणी स्टिकला टेप गुंडाळत होतं, कुणी आकाशात विमान शोधत होतं. आपण ज्यांच्या रीतीला इतकी वर्षं मान दिला, त्यातल्या एकालाही आपल्यासाठी एक वाक्य जड व्हावं? त्याला श्यामसुंदरचा जितका राग येत होता, त्याहून जास्त या लेसवाल्याचा आला. श्यामसुंदर निदान उघडा लबाड तरी होता.

मग अंबादासने ग्लोव्ह घातलेला हात उचलला आणि श्यामसुंदरवर रोखला. “हा,” तो म्हणाला. “याच्या बोटांचा वास घ्या.”

लिमबाईंनी खरंच वास घेतला. श्यामसुंदर बाहेर गेला.

टर्फवर पाणी मारलं. काळ्या भोकावर कुणीतरी पट्टी चिकटवली. समोरची टीम तिथल्याच निवृत्त पोलिसांची होती, पोटं यांच्यासारखीच, पण स्टिकवर हात बसलेले. यांच्याकडे श्यामसुंदर नव्हता, त्यामुळे मधल्या फळीत पहिल्यांदाच मोकळी जागा झाली आणि टीम चक्क बरी खेळली. श्यामसुंदर वर स्टँडमध्ये बसून फोनमध्ये सांगत होता, “जावईबापू, आज मी मुद्दाम बाहेर बसलोय. स्ट्रॅटेजी.”

कप्तानाचं नाव सांगितलं म्हणून अंबादासशी कुणी बोलत नव्हतं. सुबोध त्याच्याकडे पाठ करून उभा. “डावीकडे!” म्हणून अंबादास ओरडला की सुबोध उजवीकडे सरकायचा. शेवटी शेवटी, गोल शून्य-शून्य असताना, एक ढेरपोट्या फॉरवर्ड सुबोधला चकवून एकटाच आत घुसला आणि त्याने कोपऱ्यात सणसणीत फटका मारला. चेंडू सुरीसारखा सरळ आला. अंबादासने स्वतःला आडवं झोकून दिलं.

आणि तो घसरला. अंगाखालून पाणी पळालं, कानात सुळ्ळ झालं, कुठे काही सोललं नाही. तो सरकतच राहिला, त्याला वाटलं हे आता संपणारच नाही. मग पॅडला टण्‌कन चेंडू लागला आणि खांबाबाहेर गेला. मॅच संपल्याचा भोंगा वाजला.

तो तिथेच पालथा पडून राहिला, आणि त्याला रडू आलं. आनंदाचंच होतं. हेल्मेटच्या जाळीतून त्याने बघितलं: आता येतील. राग-बिग ठीक आहे, पण एवढं अडवल्यावर येतीलच. निदान सुबोध तरी.

पायांचा आवाज झाला. जाडजूड दोन हात त्याच्या काखेत शिरले आणि त्यांनी त्याला उभं केलं. तो फटका मारणारा ढेरपोट्या होता. हसत, धापा टाकत त्याने अंबादासच्या हेल्मेटवर थाप मारली आणि स्टँडकडे बोट दाखवलं. तिथे श्यामसुंदर मधोमध उभा होता आणि बाकी सगळे त्याच्या भोवती दाटीवाटीने, जॅकेटं चढवून, पाठीवरचं ‘इंडिया’ दिसावं म्हणून पाठमोरे, नुसत्या माना वळवून.

“जा, जा,” ढेरपोट्या म्हणाला. “तुमच्या टीमचा फोटो काढतायत.”

अंबादासने हेल्मेट काढलं, डोळे पुसले, आणि आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं की ती टीम वेगळी आहे.