दुमडलेली किनार

मंदाताई गेली त्या सकाळी मी तिच्याच कापडाची तुरपाई करत बसले होते. बर्नाबीतल्या आमच्या कॉन्डोच्या खिडकीशी, मांडीवर निळीत रंगवलेलं ते भलंमोठं आफ्रिकी वस्त्र आणि सुईत गडद निळा दोरा. तिच्या मुलीचा, शिल्पाचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच." मी सुई कापडात टोचून ठेवली आणि... पुढचं नीट आठवत नाही. संध्याकाळी घरी परत आल्यावर राहिलेली वीतभर किनार मात्र मी पुरी केली. तिनं सांगितलेलं काम अर्धवट राहू नये म्हणून. आज सात आठवड्यांनंतर त्या वीतभर शिलाईचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी कॅनडात आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. नवरा दिवसभर ऑफिसात, बाहेर पावसाची रिपरिप, आणि ओळखीचं म्हणावं असं कुणी नाही. गणपतीच्या कार्यक्रमात एका उंच बाईनं न विचारता माझ्या ब्लाउजची बाही उलटी करून शिलाई पाहिली. "हात चांगला आहे तुझा," म्हणाली आणि रविवारी घरी बोलावून मोकळी झाली. तिच्या बेसमेंटमध्ये वॉशिंग मशिनच्या वर एक लाकडी मुखवटा होता, जिन्याच्या कठड्याला मण्यांच्या जाड माळा होत्या आणि चारी भिंतींवर निळी कापडं. तिचे यजमान कॅनडाला येण्याआधी नायजेरियात आबेओकुटा नावाच्या गावी कॉलेजात शिकवत. तिथल्या सहा वर्षांत शेजारच्या इया फुन्मीकडून, म्हणजे फुन्मीच्या आईकडून, आपण ही कला शिकलो, असं मंदाताई सांगे. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच कंदाची खळ शिजवायची, कोंबडीच्या पिसानं ती पांढऱ्या कापडावर रेखायची आणि कापड निळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवायचं. शेवटी खळ खरवडून काढली की रेघा फिकट उरतात आणि बाकी सगळं गडद निळं. कापडभर चौकोन, प्रत्येक चौकोनात वेगळं काहीतरी... सरडा, फणी, ढोल, पक्षी. "याला शोभेची वस्तू म्हणू नकोस," ती मला बजावायची. "हे चित्र आहे. नेसता येतं म्हणून काही कमी होत नाही." बघायला मला तिनं शिकवलं, हे मी आजही नाकारत नाही.

आणि ही सगळी चित्रं आपण काढली, असं ती सांगायची. नुसतं सांगायची नाही, रंगवून सांगायची. पहिल्यांदा खळीच्या गुठळ्या कशा झाल्या, इया फुन्मीनं हातावर चापट कशी मारली, चौथ्या खेपेला सरड्याला पाय कसे फुटले. मी ते सगळं तोंडपाठ केलं होतं. मंडळात, शेजारणींना, नातवंडांना, जो भेटेल त्याला मी कौतुकानं सांगत सुटायची. इथं आल्यावर तिनं एकही कापड का काढलं नाही, असं कुणी विचारलं तर तिच्याऐवजी मीच उत्तर द्यायची, की इथं तसं ऊन नाही. एकदा आफ्रिकी दुकानात तो कंद फ्रोझन मिळाला म्हणून मी दोन पाकिटं घेऊन उड्या मारत तिच्याकडे गेले. तिनं पाकिटांकडे पाहिलं, फ्रीझरमध्ये टाकली आणि विषय बदलला. पुढच्या एकादशीला मला त्याचे उपासाचे कटलेट खाऊ घातले. मी बावळट, वर आणखी कृतीही विचारून घेतली.

तुरपाईचं काम असंच माझ्याकडे आलं. कडा उसवताहेत, आत दुमडून दे, म्हणाली. पण दुमड मात्र ती स्वतः घालायची. इस्त्री फिरवून, दुहेरी घडी करून, टाचण्या लावून कापड माझ्या हातात द्यायची. "तुझी शिलाई दिसतच नाही," असं म्हणायची आणि मी फुलून जायची. वर्षाकाठी एखादं, अशी अकरा कापडं मी शिवली. इथल्या विद्यापीठाच्या गॅलरीत त्यांचं प्रदर्शन ठरलं होतं आणि अकरावं कापड त्यासाठीच चाललं होतं. ती गेल्यावर शिल्पानं ठरवलं, प्रदर्शन होऊ दे, आईच्या आठवणीसाठी. गॅलरीतल्या बाईंनी निरोप पाठवला की कापडांची पूर्ण मापं घ्यायची आहेत, तेवढ्या किनारी उसवून द्या.

पहिल्या किनारीच्या आत, अगदी कोपऱ्यात, एक खूण होती. पक्ष्याचा पाय आणि शेजारी दोन ठिपके. मला वाटलं, खळीचा ओघळ असेल. दुसऱ्या कापडालाही त्याच जागी तोच पाय. अकराव्यापर्यंत मी उसवत गेले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तीच खूण. शिल्पा आईचा जुना अल्बम घेऊन आली. त्यात एका फोटोत अंगणात मातीचे मोठाले रांजण, त्यांच्या गळ्याशी तोच पाय, तेच ठिपके. समोर एक जाडजूड बाई पीस हातात धरून कापडावर वाकलेली. मागं पर्स सांभाळत, परीटघडीच्या साडीत मंदाताई उभी. फोटोच्या पाठीवर तिचं वळणदार अक्षर : "इया फुन्मी, माझ्यासाठी शेवटचं कापड काढताना."

म्हणजे तिनं एका बाईची सही पुसली आणि ती पुसायला माझे हात वापरले. माझी न दिसणारी शिलाई तिला एवढ्यासाठीच हवी होती. शिल्पानं अल्बम मिटला. मग हळूच म्हणाली, "लेट इट गो ना, मावशी. हू इज गोइंग टू चेक? आईचं नाव राहू दे."

"मी चेक केलंय ना," मी म्हणाले. "आणि किनारी परत दुमडायला मला सांगू नकोस."

ती दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. अकराव्या दिवशी फोनवर गॅलरीतल्या कार्डाचा फोटो आला. कार्डावर लिहिलं होतं, चित्रं इया फुन्मीची, जतन मंदाताईचं. पण फुन्मीची आई, एवढंच. त्या बाईचं स्वतःचं नाव काय होतं, ते आता सांगणारं कुणी नाही. मंदाताईला ठाऊक असणारच. सहा वर्षं शेजार होता.

लोक मला म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल कशाला लिहितेस. पण हे सगळं झाल्यावर मला माझ्या घरातलं बारावं कापड आठवलं. माझ्या साठीला तिनं दिलेलं, पक्ष्यांच्या चौकोनांचं. देताना ती म्हणाली होती, "याला किनार घालू नकोस हं विद्या. आहे तसं राहू दे." उसवती कड मला बघवत नाही. कोपऱ्यात काय आहे ते न बघताच मी आठ दिवसांत दुहेरी घडी घालून ती शिवली, आयुष्यातली सगळ्यात बारीक तुरपाई, आणि मिरवत तिला दाखवली. तिनं किनारीवरून अंगठा फिरवला, जरा थांबली. "छान बसलीय," म्हणाली आणि चहा मागितला... त्या दिवशी ती मला सांगणार होती का? मला माहीत नाही. सांगायचंच होतं तर तोंड होतं तिला. कोपऱ्यातली खूण मी आपणहून शोधावी आणि तिला अवघड बोलावं लागू नये, एवढीच तिची तयारी होती. मी ती संधीही शिवून टाकली, आणि याबद्दल मी तिला माफ करू शकत नाही, मलाही नाही.

ती तुरपाई उसवायला मला तीन दिवस लागले. आता कापड माझ्या खुर्चीशेजारी भिंतीवर आहे, कोपऱ्यातला पक्ष्याचा पाय उघडा. कड रोज थोडी सुटते, जमिनीवर निळे दोरे पडतात. सकाळी ते वेचायला वाकले की माझा हात आपसूक किनारीकडे जातो, ती आत दुमडायला. मग मी तो मागे घेते.