धुडकू मास्टरांचा पत्ता

सुरतमधल्या कोसाडच्या वसाहतीत सकाळी नऊला नळ जातो, त्यामुळे साडेआठला सुषमाच्या घरात सगळे एकमेकांच्या पायात असतात. सासूबाई, भागीरथीबाई, हंडे भरत होत्या. सुषमा कळण्याची भाकरी उलटत होती. सासरे धुडकूनाना गॅलरीत मांडीवर मोबाईल ठेवून तो वाजायची वाट बघत बसले होते. तेवढ्यात कुणीतरी दार असं ठोठावलं की सासूबाईंच्या हातून तांब्याच सुटला.

"कोन शे रे? दार तोडस का काय!"

दारात घामानं निथळलेले एक गुजराती गृहस्थ उभे. "बेन, धुडकू मास्टरनुं घर आ ज छे ने?"

ते कामरेजचे गोरधनभाई. साडीच्या काठावर नक्षी उठवणारं त्यांचं जेकार्ड मशीन दोन दिवस बंद होतं. दोन मिस्त्री हात टेकून गेले होते. मशीन मुळात बसवलं होतं धुडकूनानांनी, वीस वर्षांपूर्वी.

"काल दुपारपासून मोबाईलवर 'धुडकू मास्टर सुरत' टाकतोय," ते हिंदीत सांगू लागले. "एक बकऱ्या विकणारा धुडकू निघाला, एक लग्नाचा व्हिडिओ निघाला. मास्टर कुठंच नाही! शेवटी नाक्यावरच्या चहावाल्यानं घर दाखवलं."

ऐकता ऐकता सुषमाची भाकरी करपली. नेटवर नाना होते. तीन महिन्यांपूर्वी मशीनं बसवून देणाऱ्या शेठकडची एकतीस वर्षांची नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं काम काढलं, तेव्हा सुषमाच्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, हौसेनं त्यांना चढवलं होतं. पण नाव दिलं होतं 'डी. बी. टेक्निकल सोल्युशन्स' आणि फोटो कुठल्याशा परदेशी यंत्राचा.

"धुडकं म्हणजे चिंधी, नाना. असलं नाव वाचून कोण येईल?" तो म्हणाला होता. तीन महिन्यांत फोन आले दोन, त्यातला एक एसी दुरुस्तीचा. जुन्या शेठनं परत बोलावलं होतं. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, आणि नाना 'हो' म्हणायच्या बेतात होते.

नानांनी हत्यारांची पिशवी उचलली, तसा सुषमानं गॅस बंद केला. "नाना, मी येऊ? फोटो काढते."

"सासऱ्यामागं कारखान्यात?" भागीरथीबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"येऊ दे," नाना म्हणाले. "पण पोरी, तिथं ओढणी आवरून उभी ऱ्हा."

कारखान्यात गेल्यावर नानांनी आधी मशीनला हातसुद्धा लावला नाही. कारागिराला सावकाश चाक फिरवायला सांगितलं आणि डोळे मिटून उभे राहिले. परत फिरवायला सांगितलं. मग शिडी लावून वर चढले. मिस्त्र्यांनी खालचा सगळा भाग उकलून ठेवला होता. दुखणं वरच्या पेटीत होतं. केसांच्या आकड्याएवढी एक सुई वाकून शेजारच्या सुईला अडत होती. अर्ध्या तासात मशीन धडधडू लागलं आणि काठावर कोयऱ्या उमटायला लागल्या. आसपासचे कारागीर आपापलं सोडून बघायला आले. घरी चष्मा शोधत फिरणारे नाना सुषमानं असे कधी पाहिले नव्हते. तिनं शिडीवरच्या नानांचा फोटो टिपला.

"दोघं दोन दिवस मशीनशी भांडत होते," गोरधनभाई म्हणाले. "मास्टरनं नुसता कान दिला!"

"हेच नेटवर लिहाल का?" सुषमानं फोनवर 'डी. बी.'चं पान उघडून पुढे केलं. "कुठलं मशीन, काय बिघडलं, कुणी नीट केलं. बोललात तस्संच."

त्यांनी तिथंच लिहिलं. घरी येऊन सुषमानं नानांची तेलकट डायरी काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले. परदेशी यंत्र काढून शिडीवरच्या नानांचा फोटो टाकला. रविवारपर्यंत अकरा जणांनी लिहिलं. बारडोली रस्त्यावरच्या एकानं तर कितीतरी वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली दुरुस्ती तपशीलवार सांगितली. 'धुडकू मास्टर सुरत' टाकलं की आता बकऱ्यांच्या वर नाना दिसायला लागले. चार नवे फोन आले.

रविवारी संध्याकाळी योगेंद्र वाचत बसला. "खाली सगळे धुडकू धुडकूच लिहितात की! आणि वर नाव डी. बी.! लोकांना वाटायचं दोन माणसं आहेत."

"अहो, लोक ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं शोधणार ना? मी उद्यापासून योगेंद्रसाहेब म्हणून हाक मारली तर वळाल का?"

"वळेन की! पगार वाढल्यासारखं वाटेल."

नाना मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "जुन्या शेठला सकाळीच नाही म्हणून सांगितलं."

भागीरथीबाईंनी निवडायची भाजी बाजूला सारली.

"माझ्या आधी दोन भाऊ गेले," नाना योगेंद्रला म्हणाले. "मी तरी ऱ्हावा, कुनाची नजर लागू नये, म्हणून मायनं फाटक्या धुडक्यात गुंडाळलं आन् तेच नाव ठेवलं. मी ऱ्हायलो. सुरतमधी हजार मशीनं याच नावावर चालू केली. मला त्याची लाज नाही रे. तू एकच कर. वर धुडकू मास्टर लिही."